पत्ता आणि पत

पूर्वी एखाद्या गावात नवा माणूस राहायला आला आणि त्याला चांगला शिंपी, विश्वासू सोनार किंवा मिक्सर दुरुस्त करणारा हवा असला, तर तो कोपऱ्यावरच्या पानवाल्याला विचारीत असे. पानवाला नुसता रस्ता सांगून थांबत नसे. ‘डावीकडे वळा, तिसरं दुकान. माणूस कामाला चोख आहे, पण वायद्याला कच्चा,’ असे चार शब्द तो पदरचे जोडून देई. विचारणाऱ्याला एकाच उत्तरात दोन गोष्टी मिळत. दुकानाचा पत्ता आणि दुकानदाराची पत. आज हा प्रश्न आपण मोबाईलला विचारतो. ‘जवळचा मिक्सर दुरुस्तीवाला’ असे म्हटले की पडद्यावर नकाशा येतो, त्यावर लाल टाचण्या टोचलेल्या दिसतात, शेजारी तारे असतात, उघडण्या-मिटण्याच्या वेळा असतात. आपण त्यातली एक टाचणी निवडतो आणि निघतो.

या बदलाकडे आपण केवळ एक सोय म्हणून पाहतो, आणि सोय तर ती आहेच. पण त्या टाचणीच्या जागी खरोखर दुकान आहे, हे कोणी तपासले? कसे तपासले? आणि ‘तपासले’ याचा अर्थ नेमका काय? मी तीसेक वर्षे एका राष्ट्रीयीकृत बँकेत काढली. कादंबऱ्या लिहिल्या त्या रात्री जागून. दिवसा मात्र दुकाने, गिरण्या, गोदामे आणि कारखाने तपासले. त्यामुळे छोट्या व्यावसायिकांची जी पडताळणी आज गूगलच्या नकाशासाठी चालते, तिच्याकडे मी जरा व्यवसायबंधूच्या नजरेने पाहतो. माझे म्हणणे थोडक्यात असे की, ही पडताळणी पत्त्याची आहे. पत तिच्या कक्षेत येतच नाही. आपण गिऱ्हाईक मात्र पत्ता पटला की पतही पटली असे धरून चालतो. या गल्लतीचा फायदा लबाडाला मिळतो आणि तिची किंमत सचोटीच्या छोट्या माणसाला मोजावी लागते.

पोस्टमनच्या हातचे कार्ड

दुकानांची यादी करण्याचा धंदा काही गूगलने शोधून काढलेला नाही. टेलिफोन डिरेक्टरीच्या जोडीला पिवळ्या पानांची जाडजूड पुस्तके येत, ती मध्यमवर्गीय घरांतून टेलिफोनखाली उशीसारखी ठेवलेली असत. १९९६ साली व्ही. एस. एस. मणी यांनी मुंबईत ‘जस्ट डायल’ सुरू केले आणि पुस्तक उघडण्याचे कष्टही वाचले. फोन फिरवायचा, पलीकडची मुलगी चार नावे सांगायची. गूगलचा नकाशा आला तो फेब्रुवारी २००५ मध्ये. त्यावर दुकानदाराने स्वतःच आपली नोंद करायची सोय झाली आणि ती फुकट ठेवली गेली. या सोयीचे बारसे पुन्हा पुन्हा झाले. २०१४ मध्ये ती ‘गूगल माय बिझनेस’ झाली, नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ झाली. नावे बदलली तरी मूळ अडचण तीच राहिली. ‘हे दुकान माझे आहे’ असे म्हणणारा माणूस खरोखर त्या दुकानाचा धनी आहे की नाही, हे हजारो मैलांवर बसून ओळखायचे कसे?

यावर बरीच वर्षे जो मुख्य उपाय चालला तो मजेदार होता. जगातली सर्वांत पुढारलेली संगणक कंपनी दुकानदाराला टपालाने एक कार्ड पाठवीत असे. त्या कार्डावर पाच आकडे छापलेले असत. कार्ड यायला दोन आठवड्यांपर्यंत वेळ लागे. आल्यावर ते आकडे संगणकावर भरायचे, तेही तीस दिवसांच्या आत. कार्ड दुकानाच्या पत्त्यावर पोहोचले, ते दुकानदाराच्या हाती पडले, म्हणजे दुकान तेथे आहे असा हा हिशेब. थोडक्यात, खरा पडताळणी अधिकारी होता आपला पोस्टमन. गल्लीत कोण राहतो, कोण जागा सोडून गेला, कोणत्या नावाची पाटी कोणत्या दारावर आहे, हे ठाऊक असलेला पगारी माणूस तोच.

त्या कार्डावरचा सहा आकडी पिन कोड ही आपल्याकडची रचना. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ती लागू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि त्याचबरोबर संस्कृतचे कवी व नाटककार होते. सारख्या नावाची गावे, अनेक लिपी आणि न लागणारी अक्षरे यांतून पत्राला वाट दाखवणे हा त्यांचा प्रश्न होता. वेलणकरांचे आकडे टपाल कार्यालयापर्यंत नेऊन सोडतात. तेथून पुढची वाट पोस्टमनच्या डोक्यात असते. २०२५ मध्ये टपाल खात्याने ‘डिजिपिन’ आणला. त्यात देशाची भूमी सुमारे चार मीटर लांब-रुंद चौकोनांत विभागून प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-आकड्यांचे चिन्ह दिले आहे. म्हणजे आता सरकारलाही दुकानाचा उंबरठा दाखवता येईल. पण उंबरठा दाखवणे वेगळे आणि उंबरठ्याच्या आत कोण बसला आहे हे सांगणे वेगळे.

दोन मिनिटांचे चित्रीकरण

टपालाचे कार्ड आता बरेच मागे पडले आहे. कोणाला फोनवर किंवा ई-मेलवर आकडे येतात. पण पुष्कळांना व्हिडिओ करून पाठवावा लागतो. तो सलग असावा लागतो, कापलेला-जोडलेला चालत नाही. त्यात तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत. पहिली जागा, म्हणजे रस्ता, आसपासची दुकाने, गल्लीची पाटी. दुसरी धंदा, म्हणजे दुकानाची पाटी, माल, अवजारे. आणि तिसरी मालकी, म्हणजे कुलूप स्वतःच्या किल्लीने उघडणे, गल्ल्यामागे किंवा जेथे बाहेरच्याला शिरता येत नाही अशा जागी जाऊन दाखवणे. माणसांचे चेहरे आणि खाते क्रमांकासारखी खाजगी माहिती दाखवायची नाही, असाही दंडक आहे.

आमच्या पुण्यातल्या पेठेत मिक्सर, इस्त्री आणि पंखे दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. दुकान आठ फूट बाय दहा फूट, चाळीस वर्षांचे. त्यांच्या मुलाने ही नोंद करायला घेतली तेव्हा ‘काका, तुम्ही बँकेत होतात, जरा कागद बघा’ म्हणून मला बोलावले. कागदांची कथा आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या दुकानाची असते तशीच होती. जागा पागडीची. विजेचे बिल घरमालकाच्या दिवंगत वडिलांच्या नावे. जुना गुमास्ता परवाना पावसात भिजून आकडे पुसलेला. पाटीवर वडिलांचे नाव मोठ्या देवनागरी अक्षरांत आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘मिक्सर रिपेअरिंग’. मुलाच्या मनात नाव घालायचे होते ‘पुण्यातील नंबर एक मिक्सर सर्व्हिस सेंटर’. तसा सल्ला त्याला फोनवरून कोणी एजंट देत होता आणि सगळे काम आठ हजार रुपयांत करून द्यायला तयार होता. नियम मात्र साधा आहे. पाटीवर जे नाव आहे आणि गावात ज्या नावाने लोक ओळखतात, तेच नाव नोंदीत घालायचे. तिथे विशेषणे चालत नाहीत.

शेवटी मुलाने फोन हातात धरला आणि गल्लीच्या तोंडापासून चालायला सुरुवात केली. देऊळ, पिठाची गिरणी, स्टेशनरीचे दुकान, मग स्वतःची पाटी. वडिलांनी कुलूप काढले, शटर वर केले. आत फळीवर ओळीने उघडलेले मिक्सर, डब्यांत कार्बन ब्रश, कपलर आणि पाती, भिंतीला अडकवलेले बिलबुक. दोन मिनिटांत चाळीस वर्षे चित्रित झाली. काही दिवसांनी नोंद मंजूर होऊन आली. एजंटाचे आठ हजार वाचले, कारण या कामाला गूगल एक पैसाही आकारत नाही.

हे चित्रीकरण पाहताना मला आमची कर्जापूर्वीची पाहणी आठवली. तीच पायरी, तेच टप्पे. जागा पाहा, माल पाहा, चावी कोणाच्या हातात आहे ते पाहा. फरक इतकाच की आम्ही तेथे जाऊन उभे राहत होतो.

इतका संशय कशासाठी?

एवढी कडक तपासणी कशाला, असे एखाद्या साध्या दुकानदाराला वाटणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर लबाडांच्या कर्तबगारीत आहे. अमेरिकेत कुलूप उघडून देणाऱ्या कारागिरांच्या धंद्यात हा प्रकार आधी माजला. घराबाहेर अडकलेला माणूस रात्री फोनवर जवळचा कुलूपवाला शोधी. नकाशावर गल्लोगल्ली कुलूपवाले दिसत, पण त्या पत्त्यांवर दुकाने नसतच. फोन दूरच्या एका केंद्रात वाजे. मग कोणी तरी येऊन आधी किरकोळ सांगितलेल्या रकमेच्या कित्येक पट पैसे उकळी. २०१६ च्या जानेवारीत ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने यावर सविस्तर लिहिले. २०१९ च्या जूनमध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने गूगलच्या नकाशावर कोणत्याही दिवशी सुमारे १ कोटी १० लाख खोट्या व्यवसायांच्या नोंदी असतात असा अंदाज छापला. गूगलने स्वतः दिलेला आकडाही लहान नाही. एकट्या २०२३ मध्ये कंपनीने सुमारे १ कोटी २० लाख बनावट नोंदी काढल्या किंवा अडवल्या आणि नियमबाह्य असे १७ कोटींहून अधिक अभिप्राय अडवले किंवा पुसले.

हे सगळे साता समुद्रापलीकडचे आहे असे समजू नका. २०१८ च्या शेवटी शेवटी आपल्या ठाणे-मुंबई पट्ट्यात एक प्रकरण उघडकीस आले. नकाशावरची माहिती चुकीची वाटली तर कोणालाही दुरुस्ती सुचवता यावी अशी सोय आहे. तिचाच उपयोग करून भामट्यांनी एका बँकेच्या शाखांपुढचे फोन नंबर बदलले आणि तेथे आपले नंबर घातले. खातेदार शाखेला फोन करतो आहे या समजुतीने भामट्यालाच फोन करी आणि कार्डामागचे आकडे सांगून मोकळा होई. बँकेने राज्याच्या सायबर पोलिसांकडे तक्रारी केल्या. या प्रकाराचा बारकावा लक्षात घ्या. तेथे शाखा खरी होती. इमारत खरी, पाटी खरी, नकाशावरची टाचणीही अगदी नेमक्या जागी. खोटे होते ते फक्त दहा आकडे. पत्ता शंभर टक्के खरा आणि व्यवहार शंभर टक्के खोटा.

पत्ताही जवळजवळ खोटा असला तर काय होते, त्याचा प्रयोग लंडनमध्ये झाला. २०१७ मध्ये ऊबा बटलर या तरुण पत्रकाराने डलिच भागातल्या आपल्या राहत्या शेडची ‘ट्रिपअॅडव्हायझर’ या संकेतस्थळावर उपाहारगृह म्हणून नोंद केली. एक फोन नंबर घेतला, पत्ता म्हणून नुसता रस्ता दिला आणि ‘आगाऊ नोंदणी असेल तरच प्रवेश’ असे लिहिले. पदार्थांची म्हणून जी छायाचित्रे काढली त्यांत दाढीचा साबण होता. मित्रमंडळींनी कौतुकाचे अभिप्राय लिहिले. त्या वर्षी १ नोव्हेंबरला ते लंडनमधले पहिल्या क्रमांकाचे उपाहारगृह ठरले. तोपर्यंत तेथे एकही ताट वाढले गेले नव्हते. हा प्रयोग थट्टेचा होता, कोणाचे पैसे बुडाले नाहीत. पण तारे कसे उगवतात ते त्यातून साऱ्या जगाला कळले.

खोकी हलवून बघा

आता माझ्या जुन्या धंद्याकडे वळतो. १९९० च्या सुमारास मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी फील्ड ऑफिसर होतो. मुख्य रस्त्यावर विजेच्या उपकरणांचे एक नवे दुकान झाले होते आणि मालकाने कॅश क्रेडिटसाठी अर्ज केला होता. कागदपत्रे इतकी नीट की डोळे निवावेत. भाडेकरार, परवाना, कोटेशने, सगळे फायलीत क्रमाने लावलेले. पाहणीला गेलो तर दुकान झगझगीत, छतापर्यंत टीव्ही-मिक्सरची खोकी रचलेली. मी वहीत संख्या टिपली आणि बाहेर येऊन समोरच्या टपरीवर चहा घेतला. चहावाला कप विसळता विसळता म्हणाला, ‘साहेब, दुकान बघितलंत. आता खोकी हलवून बघा.’ मी परत गेलो आणि एक खोके उचलले. ते कागदासारखे हलके होते. दुसरेही तसेच. अर्ज नामंजूर झाला. पुढे महिनाभरात दुकानही उठले.

त्याच गावी आठवड्याच्या बाजारात एक कासारीण बांगड्या विकायला बसे. तिला चार टक्के व्याजाच्या सरकारी योजनेतून माल भरायला थोडे कर्ज हवे होते. फॉर्ममध्ये ‘व्यवसायाचे ठिकाण’ असा रकाना होता. तिला ठिकाण विचारले तेव्हा तिने वार सांगितले. सोमवारी इथे, बुधवारी पलीकडच्या गावी, शनिवारी मारुतीच्या पारावर. पत्ता म्हणावा असे तिच्यापाशी काही नव्हते. पण बाजारातल्या ज्याला विचारावे तो म्हणे, ‘तिला द्या. ती उपाशी राहील पण हप्ता चुकवणार नाही.’ आणि तसेच झाले. बाजाराच्या दिवशी ती टोपली कडेवर घेऊन काऊंटरशी येई आणि हप्ता मोजून देई.

या दोघांना आजच्या व्हिडिओच्या तपासणीपुढे उभे करून पाहा. खोकीवाला मालक पहिल्या फटक्यात पास होईल. रस्ता आहे, पाटी आहे, माल दिसतो आहे, शटरची चावी त्याच्याच खिशात आहे. कासारीण मात्र पहिल्याच पायरीवर अडखळेल, कारण उघडून दाखवायला तिच्यापाशी कुलूपच नाही. कॅमेऱ्याला खोके दिसते, खोक्याचे वजन कळत नाही.

बँकांनाही ही मर्यादा ठाऊक होती. म्हणून तर नवे खाते उघडायला जुन्या खातेदाराची ओळख लागे. ओळख देणारा सही करी, आणि ती सही करताना दोनदा विचार करी, कारण उद्या काही वावगे झाले तर गावात त्यालाच लोक विचारणार असत. पुढे ओळखीची जागा ‘केवायसी’च्या कागदांनी घेतली. तो बदल योग्यच होता. ज्याची गावात कोणाशी ओळख नाही अशा परप्रांतीय मजुराचे किंवा एकट्या बाईचे खाते ओळखीअभावी अडत असे. पण कागद आल्यावर शेजाऱ्याची जबाबदारी गेली, हेही खरे. नकाशावरचे अभिप्राय हे जुन्या ओळखीचेच नवे रूप आहे असे कोणी म्हणेल. फरक एवढाच की ओळख देणाऱ्याला नाव-गाव होते. येथे अभिप्राय देणारा कोण आहे, तो त्या दुकानात कधी गेला तरी होता का, हे आपल्याला कळण्याचा मार्ग नसतो.

पाटी नसलेली माणसे

यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. आपल्या राज्यात १९४८ चा दुकाने व आस्थापना कायदा जाऊन २०१७ चा नवा कायदा आला. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला आता नोंदणीचा दाखला घ्यावा लागत नाही, ऑनलाइन सूचना दिली की भागते. सरकारने छोट्या दुकानदाराची दोरी सैल केली हे चांगले झाले. पण ‘हे दुकान आहे’ असे सांगणाऱ्याची जागा रिकामी राहत नाही. सरकार मागे सरकले तेथे एक परदेशी खाजगी कंपनी येऊन बसली. आज शहरातल्या नव्या गिऱ्हाईकाच्या लेखी दुकान अस्तित्वात आहे की नाही, हे महापालिकेच्या दप्तरावरून ठरत नाही. ते नकाशावरून ठरते. एखादी नोंद काही कारणाने स्थगित झाली तर दाद मागायची सोय आहे. पण ती संगणकावर फॉर्म भरून. बँकेत निदान काऊंटर होता, काऊंटरमागे एक त्रासलेला का होईना पण माणूस होता, आणि त्याच्यावर आवाज चढवता येत असे. मिक्सरवाल्या गृहस्थांनी आवाज कोणावर चढवायचा?

आणि ज्यांना पाटीच नाही त्यांचे काय? घरच्या स्वयंपाकघरातून डबे देणाऱ्या बायका, शिकवण्या घेणारे, शिलाई करणाऱ्या, घरोघर जाऊन नळ-वीज दुरुस्त करणारे. नियम त्यांना अगदीच बाहेर ठेवत नाही. गिऱ्हाईकाकडे जाऊन काम करणाऱ्याला किंवा माल पोचवणाऱ्याला घरचा पत्ता लपवून, फक्त कोणत्या भागात सेवा देतो एवढे दाखवून नोंद करता येते. एकट्या राहणाऱ्या बाईच्या दृष्टीने ही सोय मोलाची आहे. पण पुष्कळांना ती ठाऊक नसते. त्या घरचा पत्ता जगजाहीर करून बसतात किंवा भीतीने नोंदच करत नाहीत.

फेरीवाल्यांची गोष्ट तर आणखी वेगळी. त्यांच्यासाठी २०१४ मध्ये संसदेने पथविक्रेत्यांचा कायदा केला. सर्वेक्षण करावे, विक्रेत्याला प्रमाणपत्र द्यावे, असे त्यात लिहिले आहे. २०२० मध्ये ‘पीएम स्वनिधी’ योजना आली आणि दहा हजार रुपयांच्या पहिल्या कर्जासाठी पालिकांना या माणसांची ओळख पटवून द्यावी लागली. पत्ता नसलेल्या माणसाचीही ओळख पटवता येते, ती पटवण्याचा मार्ग सरकारला ठाऊक आहे, हे यातून सिद्ध झाले. मग तीच ओळख गिऱ्हाईकापर्यंत पोचवायला काय हरकत आहे? पालिकेने आपल्याकडच्या परवानाधारक दुकानदारांची आणि प्रमाणित विक्रेत्यांची यादी सर्वांना मोबाईलवर सहज शोधता येईल अशी ठेवली, तर एका कंपनीच्या नकाशावर अख्ख्या बाजाराचा भार पडणार नाही. याला नवा कायदा लागत नाही. दप्तरातले कागद उजेडात आणायचे आहेत, इतकेच.

आपल्या हातात काय आहे?

सरकारचे होईल तेव्हा होईल. रविवारचा चहा घेत हे वाचणाऱ्या घराने आज काय करावे, तेही सांगितले पाहिजे.

दुकान असेल तर नोंद स्वतः करा. ती फुकट असते. ती घरातल्या माणसाच्या ई-मेल खात्यावरूनच करा, एजंटाच्या खात्यावरून नको. नाही तर उद्या भांडण झाले की दुकान तुमचे आणि टाचणी त्याची, असा प्रकार होतो. ‘मी गूगलमधून बोलतो, पैसे भरले नाहीत तर तुमचे दुकान नकाशावरून जाईल’ असा फोन आला तर तो ठेवून द्या. अशाच धमक्या देऊन छोट्या व्यावसायिकांकडून शेकडो डॉलर उकळणाऱ्या टोळीविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१८ मध्ये कारवाई केली होती. पडताळणीचे आकडे कोणालाही सांगू नका; ते दुकानाच्या किल्लीसारखेच आहेत. आणि महिन्यातून एकदा आपलीच नोंद उघडून फोन नंबर वाचा. तो कोणी बदललेला नाही ना, ते पाहा.

गिऱ्हाईक असाल तर बँकेचा, गॅसचा, विमान कंपनीचा नंबर नकाशावरून किंवा शोधयंत्रावरून घेऊ नका. बँकेचा पासबुकावर आणि कार्डाच्या मागे छापलेला असतो, बाकीच्यांचा बिलावर. खोट्या नंबरला बळी पडून पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवा. पहिल्या काही तासांत कळवले तर रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता अधिक असते. तारे मोजण्यापेक्षा अभिप्राय वाचा. एकाच आठवड्यात आलेले, एकाच थाटाचे, नुसते ‘अप्रतिम सेवा’ म्हणणारे पन्नास अभिप्राय असतील तर खोकी हलकी आहेत असे समजा. ‘पंखा चांगला केला, पण दोन दिवस म्हणून पाच दिवस लावले’ असे लिहिणारा माणूस खरोखर त्या दुकानात जाऊन आलेला असतो. खोट्या अभिप्रायांना आळा बसावा म्हणून भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘आयएस १९०००’ हे मानक जाहीर केले आहे. अभिप्राय देणाऱ्याची ओळख कशी तपासावी हे त्यात सांगितले आहे. मात्र ते ऐच्छिक म्हणून आले, आणि ऐच्छिक नियम किती जण पाळतात याचा अनुभव आपल्याला घराबाहेरच्या पहिल्या चौकातच येतो.

राहता राहिली एक गोष्ट, आणि ती कोणत्याही मानकाने होणारी नाही. खोटे अभिप्राय लिहायला पगारी माणसे मिळतात. खरे अभिप्राय लिहायला आपल्याला वेळ नसतो. चाळीस वर्षे आपला मिक्सर, आपली इस्त्री, आपला पंखा दुरुस्त करणाऱ्या माणसाविषयी आपण एक ओळही लिहिलेली नसते, कारण तो आपल्याला माहीतच असतो. पण समोरच्या इमारतीत गेल्या महिन्यात राहायला आलेल्या कुटुंबाला तो माहीत नसतो, आणि आता आपल्या गल्लीत विचारायला पानवालाही राहिलेला नाही. तेव्हा आज दुपारच्या झोपेआधी दहा मिनिटे काढा. आपला शिंपी, आपली पोळी-भाजीवाली, आपला सायकलवाला, कोणीही एक निवडा आणि त्याच्या नोंदीखाली दोन खरी वाक्ये लिहा. त्याचे जे चांगले ते लिहा, वायद्याला कच्चा असेल तर तेही लिहा. आणि खाली स्वतःचे नाव घाला. बँकेत ओळखीची सही करताना लोक जसा विचार करीत, तसा करून घाला.